दोन आवाजांची हाक

कातरणीच्या दिवशी मी भरल्या लोकांत माझ्या सुनेला चोर म्हणाले. तेच आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. आमच्या लोणीच्या खळ्यावर मेंढरांची लोकर कातरायला भावकी जमली होती. माझे दीर दादाभाऊ, जाऊ बयाबाई, त्यांच्या सुना, बाहेरून आणलेले दोन कातरणारे. मेंढरं अर्धी भादरलेली, अर्धी तशीच. चुलीवर चहा उकळत होता. मी साखर टाकायला वाकले आणि घराच्या मागून आमच्या हाकेचा आवाज आला.

माझ्या हातातली साखर भुईवर सांडली.

आमच्या घराची हाक दोन आवाजांची आहे. एकाच गळ्यातून, एकाच वेळी. खालचा आवाज पोटातून येतो, जात्याच्या घरघरीसारखा, आणि तो जागचा हलत नाही. त्याच्यावर दुसरा, बारीक, टाळूतून निघालेला, पितळेच्या वाटीच्या काठावर ओलं बोट फिरवावं तसा. हा वरचा आवाज पायऱ्या चढतो. आमचा तीन पायऱ्या चढतो, एक उतरतो आणि तिथंच थांबतो. दादाभाऊ वेगळे निघाले तेव्हा बयाबाईनं त्यांची हाक वेगळी केली, ती नुसतीच चढते. भावकीतल्या तिन्ही घरची मेंढरं पाण्यावर एकमेकांत मिसळली तरी ज्याच्या त्याच्या हाकेला ज्याचं त्याचं जनावर बाजूला निघतं. बाप्ये मेंढरं वळतात, पण बोलावते ती घरची बाई.

ही हाक सुनेला द्यायची, लेकीला नाही. लेक परक्या घरी जाते आणि तिच्या गळ्यातून हाकही जाते. माझी सासू सांगायची, तिच्या काळी एका लेकीनं सासरच्या तळावर उभं राहून माहेरची हाक घातली आणि चाळीस मेंढ्या नदी ओलांडून तिच्याकडं गेल्या. तेव्हापासून नेम कडक झाला. जी सून हाक फोडील तिच्या हातचा कळप काढून भावकीत द्यायचा. मला सासूनं दिली. मी ती शीलाला दिली, तिची थोरली दिशा रांगायला लागली त्या वर्षी.

आणि आता घराच्या मागं तीच दिशा उभी होती. एक हात कानाशी धरलेला, डोळे मिटलेले, समोर दगडाखाली दाबून ठेवलेला कागद. तोंडातून दोन आवाज. ही पोर पुण्याला संगीत शिकते. आम्ही समजत होतो, भजनं शिकत असेल.

मी तिला दंडाला धरून खळ्यावर आणली.

"कुनी दिली तुला?"

"काय दिलं, आजी?"

"हाक!"

"ही हाक न्हाई गं. मी कॉम्प्युटरवर बघून शिकले, दोन वर्षं झाली. लांब बर्फाच्या मुलखात मेंढरं-घोडी पाळणारी लोकं असंच गात्यात. आमच्या बाई पण शिकवत्यात. नवी रचना बसवतेय मी, तिच्यात घेतलंय."

"बर्फातल्या मान्सांना आमच्या घरात काय ठेवलंय ते कसं कळलं गं?"

लोक हसले. मी हसवायला बोलले नव्हते.

शीला एका मेंढीचे पाय धरून बसली होती. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. "शीले, तू फोडलीस. आयुष्यभर घरात राहून चोरी केलीस."

"आत्याबाई, मी न्हाई दिली."

"मग वाऱ्यानं दिली?"

"मी न्हाई दिली," ती पुन्हा म्हणाली आणि मान खाली घालून कातरणाऱ्याला म्हणाली, "चालू द्या भाऊ, मेंढी अवघडली."

बयाबाई पदर सावरत पुढं आली. तिच्या पोटात काय होतं ते मला चाळीस वर्षं माहीत आहे. "आक्का, मला वाईट वाटतं गं. पण नेम तो नेम. माज्या सुनंनं केलं असतं तर तू सोडलं असतंस व्हय?"

दादाभाऊ सबुरीचा माणूस. तो म्हणाला, "वहिनी, हितं बोलून काय उपेग? घाटघरला तशीबी समद्यांची मेंढरं मिसळत्यात. तिथं पोरीला हाक घालू द्या. तुमची मेंढरं तिच्याकडं आली तर शीलानं हाक दिली. मग कळप माज्याकडं. न्हाई आली तर वहिनी, तुमी शब्द माघारी घ्यायचा."

"मान्य," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? शब्द बाहेर पडला होता.

शीलाच्या हातून कळप काढायचा म्हणजे काय, हे मला तेव्हाही कळत होतं. माझा मुलगा संपत पिकअप चालवतो, त्याला मेंढरांचं काही नाही. आमची एकशेदहा मेंढरं उभी आहेत ती त्या बाईच्या जिवावर. आई मेलेल्या कोकराला ती दोन रात्री छातीशी धरून बसते. कुठली मेंढी कुठल्या पायानं लंगडते ते ती नुसत्या घुंगराच्या आवाजावरून सांगते. पण रागाला कान नसतात, तसे डोळेही नसतात.

मेंढरं दरसाल कार्तिकात कोकणात उतरतात. लोणीहून निघायचं, मंचर, पिंपळवंडी, जुन्नर करत घाटघरला जायचं आणि नाणेघाटातून खाली. वाटेत शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, खत होतं. उसाच्या कडेला बिबट्या असतो म्हणून वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, दोनदा तपासायचं. शीला कळपाबरोबर चालत गेली. माझे गुडघे गेलेत, मी मागून संपतच्या पिकअपमधून जाते. पण घाटमाथ्यावर कळप वेगळा करायची हाक माझीच. सासू गेल्यापासून एकही साल चुकलेलं नाही.

दिशा माझ्याबरोबर घरीच राहिली. दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी ओसरीवर फोनवर बोलताना ऐकलं. "बाई, माझा भाग काढून टाका. सात जणांत बसवा. न्हाई बाई, सराव झालाय, पण माझ्या गाण्यापायी माझ्या आईचा कळप जाणार असेल तर मला गायचंच न्हाई."

मी बाहेर आले. तिचा तो कागद उंबऱ्यावर पडला होता. त्यावर अक्षरं नव्हती, सूर लिहितात तसंही काही नव्हतं. नुसत्या रेघा.

"ह्या रेघा कसल्या?"

ती कागद घ्यायला आली, मी दिला नाही. मग तिलाच राहवलं नाही, माझंच रक्त ते. "ही खालची सरळ रेघ माझी. ही वरची चढणारी पण माझीच. बाकी सात जण. हा श्वास आत ओढता ओढता गातो. ही घशातनं नुसती करकर काढते."

"आजारी हाय का ती?"

"न्हाई, मुद्दाम काढते."

"मुद्दाम कोन घसा खराब करतं?"

"खराब न्हाई, आजी. गळ्यात किती आवाज असत्यात ते बघायचं. मान्सानं त्यातलं दोन-चारच वापरल्यात आजवर. बाकीचं तसंच पडल्यात."

"आन शब्द?"

"शब्द न्हाईत ह्यात."

"मग ऐकणाऱ्याला काय कळणार?"

"मेंढरांना कोणता शब्द कळतो?" ती म्हणाली आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला.

तो कागद मला घाटाच्या उतारावर मेंढरांनी पाडलेल्या वाटांसारखा दिसला होता. पण मी तसं बोलले नाही. बोलले असते तर वाटलं असतं, म्हातारी विरघळली.

तिच्या बाईंचं नाव इंद्रायणी. आखूड केस, खांद्याला पिशवी, वयानं शीलाएवढी. त्यांची मंडळी तशीही नाणेघाटाच्या गुहेत सरावाला येणार होती. गुहेत आवाज फिरून परत येतो, त्याच्यासाठी म्हणे. दिशाचं ऐकून त्यांनी तोच दिवस धरला जो आमचा होता.

घाटघरला पोहोचले तेव्हा सकाळ झाली होती. गवत पिवळं पडलेलं, त्याच्यावर दव, आणि वारा असा की पदर डोक्यावर ठरेना. आदल्या संध्याकाळी तिन्ही घरची मेंढरं एकत्र केली होती. तीनशेवर जनावर एका घोळक्यात. बयाबाई शालीत गुंडाळून दगडावर बसली होती, जणू कुणाच्या लग्नाला आली आहे. शीला कळपाच्या कडेला उभी होती. बारा दिवसांत वाळली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

दादाभाऊनं हात वर केला. "दिशे, घाल बाळा हाक."

पोर पुढं गेली. पाय रोवले. खालचा आवाज धरला आणि मग त्याच्यावर दुसरा उगवला. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. आमच्यात इतका स्वच्छ वरचा आवाज कुणाचा मी ऐकला नव्हता. तो वर गेला, आणखी वर गेला, तिथून थेंब थेंब खाली आला, पुन्हा वेगळ्याच वाटेनं चढला. मेंढरांनी माना वर केल्या, कान टवकारले. सगळ्या तीनशेंनी. पण एकही जागचं हललं नाही. जरा वेळानं खाली माना घालून चरायला लागली.

ती आमची चाल नव्हती. बहिऱ्यालाही कळलं असतं. कातरणीच्या दिवशीही नव्हती, फक्त तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

दादाभाऊ म्हणाला, "झालं मग. न्हाई आली."

"कसं झालं?" बयाबाई उठली. "पोरगी काय खुळी हाय? पुण्यात शिकतीया. मुद्दाम वाकडं काढलं तिनं. खरी हाक कशी असती ते आक्कानं घालून दावावं, म्हंजी फरक कळंल. काय गं आक्का?"

आणि मी, म्हातारी खुळी, म्हणाले, "दावते की."

इंद्रायणीबाई पुढं आल्या. "आजी, चालेल का, मी दोन्ही आवाज टिपून घेते? म्हणजे मग डोळ्यांनीच बघता येईल, सारखे आहेत की वेगळे."

"आवाज डोळ्यांनी?"

"हो, दिसतो."

"टिपा. पण शीला हितं नको. उद्या कुनी म्हणायला नको, सुनंनं खाणाखुणा केल्या. शीले, त्या पाण्याच्या टाक्याच्या पल्याड जाऊन हुबी ऱ्हा."

ती गेली. जरा जास्तच लवकर गेली, हे मला मागाहून आठवलं.

मी कळपासमोर उभी राहिले. पस्तीस वर्षं उभी राहते तशी. पोटातून आवाज धरला, जीभ टाळूला लावली. छातीत नेहमीसारखी घरघर झाली.

मेंढरं चरत होती.

मी पुन्हा हाक घातली. दोन म्हाताऱ्या मेंढ्यांनी मान वळवली, मला ओळखलं असावं, आणि पुन्हा गवताकडं वळल्या. कुणीतरी मागं खोकलं. तिसऱ्यांदा मी इतका जोर लावला की वरची कवळी सुटून जिभेवर आली. ती हातानं बसवेपर्यंत सगळी भावकी माझ्याकडं बघत होती आणि मेंढरं माझ्याकडं बघत नव्हती.

संपत हळूच म्हणाला, "आई, ऊन चढतंय. खाली उतरायचंय अजून."

"मग काय करू? शीलेला बोलाव!"

शीला आली. माझ्या आणि कळपाच्या मधे न येता, बाजूला उभी राहिली. "घालू?" एवढंच विचारलं.

"घाल की. का तेबी शिकवू?"

तिनं हाक घातली. तीन पायऱ्या वर, एक खाली. घोळक्यात मधोमध भेग पडली आणि आमची एकशेदहाच्या एकशेदहा, पाण्यासारखी, तिच्याकडं वाहत आली. माझ्या दोन्ही बाजूंनी. एक कोकरू माझ्या पायाला धडकलं आणि माझ्याकडं न बघता पुढं पळालं.

बयाबाईनंच मला वाचवलं. म्हणजे तिला वाटलं ती वाचवतेय. "थंडीनं घसा धरला आक्काचा. पिकअपमधी वारा लागला आसंल."

"व्हय," मी म्हणाले, "थंडीनंच."

लगेच निघाला तो शब्द तोंडातून. आणि त्या एका शब्दानं शीलाचा कळप गेला.

कारण बयाबाई पुढं म्हणाली, "मग आता पोरीची हाक कशाशी ताडून बघायची? आक्काचा घसा बसलेला. शीलाच्या हाकंशी? चोराच्या मापानं चोरी मोजायची व्हय?" चारचौघांना ते पटलं. दादाभाऊनं बराच वेळ मुंडासं सारखं केलं. मग म्हणाला, "वहिनी, तुमी उन्हाळ्यात घसा नीट झाल्यावर परत घालून दावा. तवा ठरवू. तवर कळप माज्या सुनंच्या हाताखाली कोकणात जाईल. शीलानं तुमच्यासंगं लोणीला जावं. चहा घेऊन निघू."

शीला मेंढरांकडं वळली. मग खाली बसून एका मेंढीच्या खुरातला खडा काढायला लागली.

मी गुहेकडं गेले. सावलीला जाते असं म्हणून गेले. आत दिशाची मंडळी सराव करत होती. एक उंच पोरगा श्वास आत ओढत गात होता, त्याचे खांदे वर यायचे. एक मुलगी दारात कुणी खाट ओढावी तशी घशातून करकर काढत होती. दोघी जिभेनं टाळूवर टिचक्या मारत होत्या. आणि ते सगळं दगडाला लागून परत येऊन एकमेकांत मिसळत होतं. हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. त्या पोरांच्या तोंडावर पूजेला बसलेल्या माणसासारखं लक्ष होतं.

कोपऱ्यात दिशा आणि इंद्रायणीबाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. मला बघताच दिशानं झाकण मिटलं.

"उघड."

"काय न्हाई आजी, असंच."

"उघड म्हणते ना."

तिनं बाईंकडं पाहिलं. बाई उठून बाहेर गेल्या. शहाणी बाई.

पडद्यावर रेघाच रेघा होत्या, नांगरटीच्या तासांसारख्या, खालून वर. दिशा म्हणाली, "एका आवाजात असे बरेच आवाज असत्यात. एकावर एक. नेहमी ते समदे मिसळून एकच ऐकू येतो. जीभ आन गाल नीट धरलं की त्यातला एकच उजळतो. हा बघ, हा माझा." एक पांढरी रेघ वर झगझगत चढत होती, उतरत होती.

"आन ह्यो?"

तिनं पडदा जरा स्वतःकडं वळवला.

"दिशे."

"तुझा, आजी."

खालची रेघ जाड होती. तिच्यावर सगळं धुकट, सारवल्यासारखं. एकही रेघ उजळलेली नव्हती. मी बोटानं वर वर शोधत गेले. काही नव्हतं.

"यंत्र बिघडलंय."

तिनं तिसरं दाखवलं. यंत्र चालूच राहिलं होतं, शीलाची हाक त्यात आली होती. खाली सरळ रेघ आणि वर एक लखलखीत, तीन पायऱ्या चढून एक उतरलेली. अडाणी माणसाला आपलं नाव तेवढं ओळखू यावं, तशी ती मला ओळखू आली.

"थंडीनं असं व्हतं का?" मी विचारलं.

"थंडीनं आवाज घोगरा व्हतो, आजी. वरचा आवाज उजळतो ती जागा तोंडातली असते. दात, टाळू, जीभ." आणि मग माझी नात माझ्याकडं न बघता म्हणाली, "कवळीनं ती जागा बदलते."

कवळी बसवून तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं मी घाटमाथ्यावर उभी राहून हाक घातली आणि मेंढरं आली होती. तीन वर्षं मी ऐकलं होतं, माझ्या डोक्यात घरघर आणि वर तो बारीक आवाज. आणि शीला? शीला कुठं असायची? माझ्या मागं, हातभर अंतरावर, तोंडाला पदर लावून. वाऱ्यासाठी लावते असं मला वाटायचं.

मी टाक्यापाशी गेले. ती बाटल्या भरत होती.

"कवापासनं?"

तिनं ओळखलं मी काय विचारते ते. "मंचरला दात काढले तवापासनं."

"आन मला बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं, आत्याबाई? मेंढरं येत व्हती."

"कातरणीला तुला एवढं बोलले. तवा तरी सांगायचंस."

तिनं बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "तवा लई राग आला व्हता. म्हनलं, हितं न्हाई बोलायचं. घाटघरला मी मागं हुबी ऱ्हाणार न्हाई, बघू दे समद्यांना." ती माझ्याकडं बघून बोलत होती, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. "तुमी पल्याड धाडलं नसतं तरी मी आपली आपण जाणार व्हते. वाटेनं रोज तेच ठरवत आले. आन तुमचा आवाज ऐकला तवा पळत यावंसं वाटलं. न्हाई आले. हे खरं हाय ते सांगते."

मला वाटलं होतं ती म्हणेल, तुमची इज्जत राखली. तसं म्हणाली असती तर मला तिच्यावर रागावता आलं असतं.

"बरं केलंस," मी म्हणाले.

तिकडं चहा घेऊन मंडळी उठायला लागली होती. बयाबाईच्या सुनेनं आमच्या मेंढरांकडं काठी वळवली होती. मला एवढंच करायचं होतं की गप्प राहायचं. थंडीनं घसा बसला, सगळ्यांना पटलं होतं. पिकअपमध्ये बसले असते, लोणीला गेले असते, मरेपर्यंत हाकेची मालकीण राहिले असते. आणि शेजारी शीला बसली असती, बिनकळपाची.

दहा पावलं चालायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नव्हता.

"दादाभाऊ, थांबा."

सगळे थांबले.

"माजा घसा बसलेला न्हाई. माज्या तोंडात हाक ऱ्हायलेली न्हाई. तीन सालं झाली. ह्या तीन सालांत तुमी हितं जी ऐकलीत ती माजी नव्हती. मी तोंड हलवत व्हते. मागनं शीला घालत व्हती."

बयाबाईच्या सुनेची काठी तशीच वर राहिली.

"म्हंजे घरची हाक कोंची, तर हिची. मापबी हिचंच. ताडून बघायचं तर पोरीच्या हाकंशी हिचीच ताडून बघा, त्या पडद्यावर दोन्ही दिसत्यात. मी बघितल्यात. येगळ्या हायत. पोरीनं तिचं तिनं कमावलंय, कुनाचं चोरलं न्हाई. शीलेनं काय फोडलं न्हाई. कातरणीला मी जे बोलले ते खोटं बोलले, ते माघारी घेते."

बयाबाईनं तोंड उघडलं. मी म्हणाले, "बयाबाई, तुजा घसा चांगला हाय, पण जरा इसावा दे त्याला."

कुणी हसलं नाही. बरं झालं.

दादाभाऊ गुहेत जाऊन पडद्याकडं बघून आला. त्याला कितपत कळलं देव जाणे, पण बाहेर येऊन त्यानं आपल्या सुनेला हात केला, "काठी खाली घे." मग शीलाकडं वळला. "पोरी, कळप तुजा."

इंद्रायणीबाई अडखळत माझ्याकडं आल्या. "आजी, विचारायची ही वेळ नाही, पण ही हाक आम्हाला रचनेत घेता आली असती तर... फार विलक्षण आहे."

"मला इचारू नका, बाई. हाकंची धनीण ती हाय."

त्या शीलाकडं वळल्या. शीलानं आधी दिशाकडं पाहिलं, लेकीकडं, मग मेंढरांकडं. "न्हाई बाई," ती म्हणाली. "दिशेजवळ तिचं तिचं हाय की, तेच घ्या. ही मेंढरांची हाय." आणि दिशानं मान डोलावली. रागानं नाही.

"तुझा भाग काढला का त्यांनी?" मी पोरीला विचारलं.

"न्हाई काढला. बाई म्हणाल्या, घाटघर होऊ दे."

"मग जा आत. तिकडं तो पोरगा श्वास ओढून मरतोय."

ती गेली. आतून खालचा आवाज सुरू झाला आणि त्याच्यावर तिचा दुसरा. त्या टिचक्या, ती करकर, तो आत ओढलेला श्वास, सगळ्यांना तो वरचा आवाज धरून चालला होता. मी दगडावर बसून ऐकलं. सगळं कळलं नाही. मेंढरांनाही सगळं कुठं कळतं.

शीला कळपाच्या पुढं गेली. घाटाच्या तोंडाशी, दोन्हीकडच्या कातळांच्या मधे, तिनं एकदा हाक घातली आणि चालायला लागली. मेंढरं एकामागं एक त्या फटीत शिरली. घुंगरं खाली खाली जात राहिली. मला वाटलं, वळणावर ती एकदा मागं बघेल. नाही बघितलं. कळपाच्या पुढं चालणाऱ्या बाईनं मागं बघायचं नसतं, मेंढरं बुजतात. हे तिला मीच शिकवलं होतं.